नौशाद अली : सोळा वर्षांची उमेदवारी



मुंबईत दादरला पूर्वी ब्रॉडवे नावाचे चित्रपटगृह होते. 1952 साली तेथे ‘बैजू बावरा’ या चित्रपटाचा पहिला खेळ झाला. बाहेर माणसांची गर्दी लोटली होती, आणि त्या गर्दीकडे पाहताना चित्रपटाच्या संगीतकाराचे डोळे भरून आले. दिग्दर्शक विजय भट्ट यांनी कारण विचारले. तेव्हा समोरच्या पदपथाकडे बोट दाखवून संगीतकार म्हणाले, की एके काळी मी त्या पदपथावर झोपत होतो. तेथून येथे यायला, हा एवढासा रस्ता ओलांडायला, मला सोळा वर्षे लागली. ही हकीकत ते स्वतः पुढे अनेकदा सांगत असत.

ते संगीतकार म्हणजे नौशाद अली. गणिताचा शिक्षक म्हणेल, की 1937 ते 1952 ही पंधराच वर्षे भरतात. परंतु पदपथावर झोपणाऱ्या माणसाने मोजलेले वर्ष आपल्या दिनदर्शिकेपेक्षा थोडे मोठे असावे, असे मला वाटते.

वाचकहो, हा लेख लिहिण्यास एक निमित्त घडले. गेल्या वर्षी नववीतील एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत मला भेटण्यास आले. मुलगा अभ्यास सोडून सतत गाण्यात असतो, रात्री मित्राकडे जाऊन पेटी वाजवतो, अशी त्यांची तक्रार होती. “सर, घरात कुणाचं ऐकत नाही. तुम्ही सांगितलं तर ऐकेल,” असे ते म्हणाले. मी मुलास बोलाविले आणि वडिलांच्या देखत चांगलेच सुनावले. तो मान खाली घालून उभा राहिला. मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनात तोच मुलगा गायला, आणि सभागृह शांत झाले. त्या दिवसापासून मनाला एक रुखरुख लागून राहिली. नौशादसाहेबांचे चरित्र मी पुन्हा वाचावयास घेतले ते या रुखरुखीमुळे.

लखनौचे दिवस

नौशाद यांचा जन्म 25 डिसेंबर 1919 रोजी लखनौ येथे झाला. वडील वाहिद अली हे न्यायालयात मुन्शी होते. लखनौपासून जवळच बाराबंकी जिल्ह्यात देवा शरीफ येथे हाजी वारिस अली शाह यांचा दर्गा आहे. तेथील वार्षिक जत्रेत मोठमोठे कव्वाल व गवई हजेरी लावत. लहानग्या नौशादच्या कानावर खरे संगीत पडले ते तेथे.

तो मूकपटांचा जमाना होता. पडद्यावर चित्रे हलत आणि पडद्यासमोर बसून वादक संगीत वाजवीत. लखनौच्या चित्रपटगृहात जाऊन हा मुलगा पडद्याकडे कमी आणि वादकांकडेच जास्त पाहत बसे. त्यानंतर त्याने काय केले, हे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. त्याने वाद्यांच्या दुकानात काम धरले. दुकान झाडावे, वाद्ये पुसावी, पेट्या दुरुस्त कराव्या, असे ते काम होते. एके दिवशी मालक येण्यापूर्वी पेटी वाजवीत असताना तो पकडला गेला. मालकाने रागावण्याऐवजी ती पेटीच त्याला देऊन टाकली, असे सांगतात. उस्ताद घुर्बत अली, उस्ताद युसुफ अली आणि उस्ताद बब्बनसाहेब या गुरूंपाशी त्याने रीतसर शिक्षण घेतले. पेटीची दुरुस्ती करणाऱ्यास तिच्या आतला प्रत्येक स्वर कोठून निघतो हे समजते. पुढे शंभर वादकांचा ताफा हाताळणाऱ्या माणसाचा पाया या झाडलोटीत घातला गेला, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

वडिलांना मात्र हे रुचले नाही. अखेर त्यांनी मुलासमोर दोन वाटा ठेवल्या. घर हवे असेल तर संगीत सोड, संगीत हवे असेल तर घर सोड. मुलाने घर सोडले आणि 1937 साली तो मुंबईत आला.

येथे थोडे थांबून मी पालकांना विनंती करतो, की वाहिद अलींना एकदम दोष देऊ नये. त्या काळी प्रतिष्ठित मुस्लिम घरांत गाणेबजावणे कमी प्रतीचे समजले जाई. गाण्यावर पोट भरते याचा दाखला डोळ्यांसमोर नव्हता. मुलाच्या भाकरीची काळजी हाच त्या कठोर शब्दांचा उगम असावा. अशी काळजी आजही घरोघर आहे, आणि ती खोटी नाही.

चाळीस रुपये, साठ रुपये

मुंबईत लखनौच्या ओळखीवर काही दिवस आसरा मिळाला. नंतर दादरचा तो पदपथ आला. पुढे उस्ताद झंडे खाँ यांच्याकडे महिना 40 रुपयांवर काम मिळाले. उस्ताद मुश्ताक हुसेन यांच्या वाद्यवृंदात त्यांनी पियानो वाजविला. त्यानंतर रणजित स्टुडिओत संगीतकार खेमचंद प्रकाश यांनी त्यांना महिना 60 रुपये पगारावर साहाय्यक म्हणून घेतले. हा उपकार नौशाद कधी विसरले नाहीत. स्वतः कीर्तीच्या शिखरावर असतानाही ते खेमचंद प्रकाश यांचा उल्लेख गुरू म्हणूनच करीत.

1940 साली ‘प्रेमनगर’ हा स्वतंत्र संगीताचा पहिला चित्रपट मिळाला. कथा कच्छ प्रदेशातील होती, म्हणून त्यांनी तेथील लोकसंगीताचा अभ्यास केला. 1942 च्या ‘शारदा’ चित्रपटात त्यांनी अवघ्या तेरा वर्षांच्या सुरैयाकडून गाऊन घेतले आणि लोकांचे लक्ष वेधले. 1944 साली ‘रतन’ आला आणि त्याची गाणी गल्लीगल्लीत वाजू लागली.

याच सुमारास नौशाद यांचा विवाह ठरला. मुलगा गाणी बसवितो असे सांगण्याची सोय नव्हती, म्हणून सासरकडच्यांना तो मुंबईत शिंप्याचा धंदा करतो असे सांगण्यात आले. लग्नाच्या वरातीत बँडवाले मोठ्या उत्साहाने ‘रतन’ मधील गाणी वाजवीत होते, आणि त्या गाण्यांचा कर्ता नवरदेव शिंपी म्हणून मुकाट्याने बसला होता! हा किस्सा नौशादसाहेब हसत हसत सांगत. आपणही हसतो, पण हसून झाल्यावर क्षणभर विचार करावा. ज्याच्या कष्टाचे फळ सारा देश चाखत होता, त्याला स्वतःच्या वरातीत आपला व्यवसाय लपवावा लागला.

वडिलांचे पत्र

आता या चरित्रातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट सांगतो. 1944 च्या सुमारास एक तरुण गायक चिठ्ठी घेऊन नौशाद यांच्याकडे आला. शिफारशीची ती चिठ्ठी नौशाद यांच्या वडिलांची होती, असे नौशाद यांनीच सांगितले आहे. घर आणि संगीत यांतून एकच निवड, असे बजावणाऱ्या वडिलांनी दुसऱ्याच्या मुलासाठी, आणि तेही गाण्यासाठीच, आपल्या मुलाकडे शब्द टाकला होता. त्या तरुणाचे नाव होते मोहंमद रफी. ‘पहले आप’ या चित्रपटात नौशाद यांनी त्यांना समूहगीतात संधी दिली. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊकच आहे.

वाहिद अलींच्या मनात हा पालट कसा झाला असेल? मला वाटते, मुलाने वादविवादात वडिलांना जिंकले नाही. सात वर्षे त्याने निमूटपणे काम केले, आणि त्या कामाने वडिलांशी बोलणे केले.

विद्येपुढे नम्रता

‘बैजू बावरा’ ची कथा तानसेन आणि बैजू यांच्या गायनाच्या सामन्यावर आधारलेली आहे. नौशाद तेव्हा आघाडीचे संगीतकार होते. परंतु शास्त्रीय गायनाचा सामना दाखवावयाचा तर त्या विद्येचे खरे अधिकारी हवेत, म्हणून त्यांनी उस्ताद अमीर खाँ आणि आपल्या महाराष्ट्रातील पंडित दत्तात्रेय विष्णू पलुस्कर यांना विनंती केली. देसी रागातील त्या दोघांची जुगलबंदी आजही जाणकार आवर्जून ऐकतात. याच चित्रपटात मालकंस रागातील एक भजन आहे. त्याचे शब्द शकील बदायुनी यांचे, चाल नौशाद यांची आणि स्वर मोहंमद रफी यांचा. तिघे मुसलमान कलावंत एकत्र आले आणि देशभरच्या मंदिरांतून गायिले जावे असे भजन निर्माण झाले. भारतीय संगीत हा सर्वांचा वारसा आहे, यासाठी याहून वेगळा पुरावा कशाला हवा? या चित्रपटासाठी नौशाद यांना 1954 साली पहिल्याच फिल्मफेअर पारितोषिक समारंभात संगीताचे पारितोषिक मिळाले.

त्यांच्या कामाचा आवाका मोठा होता. ‘आन’ साठी त्यांनी शंभर वादकांचा वाद्यवृंद वापरला. ‘मदर इंडिया’ (1957) आणि ‘गंगा जमुना’ (1961) या चित्रपटांत उत्तर प्रदेशच्या खेड्यांतील लोकधुना शहरी प्रेक्षकांपर्यंत नेल्या. ‘मुघल-ए-आझम’ (1960) मध्ये एका गाण्यासाठी रफींच्या मागे शंभर गायकांचा कोरस उभा केला. याच चित्रपटात तानसेनाच्या आवाजासाठी उस्ताद बडे गुलाम अली खाँ यांना गाण्यास राजी करण्यात आले. खाँसाहेबांनी टाळण्यासाठी म्हणून एका गाण्याचे 25,000 रुपये मागितले आणि दिग्दर्शक के. आसिफ यांनी ते तात्काळ मान्य केले. त्या काळी नामवंत पार्श्वगायकांस एका गाण्याचे काही शे रुपये मिळत, हे लक्षात घेतले म्हणजे विद्येचा केवढा मान राखला गेला ते कळते.

साथीदारांशी ते इमानी राहिले. गुलाम मोहंमद हे अनेक वर्षे त्यांचे साहाय्यक होते आणि पुढे स्वतंत्र संगीतकार झाले. ‘पाकीझा’ चे काम चालू असतानाच 1968 साली त्यांचे निधन झाले. तेव्हा राहिलेले संगीत नौशाद यांनी पूर्ण केले. 1972 साली चित्रपट प्रदर्शित झाला.

उतरता काळ

1960 नंतरच्या काळात लोकांची आवड बदलली. वेगवान ठेक्याची गाणी मागितली जाऊ लागली आणि नौशाद यांच्याकडील काम कमी होत गेले. त्यांनी आपली वाट सोडली नाही. साऱ्या आयुष्यात त्यांनी सुमारे 65 चित्रपटांनाच संगीत दिले. इतक्या दीर्घ कारकिर्दीच्या मानाने ही संख्या लहानच म्हणावी लागेल. पण मिळेल ते घ्यावे आणि कसेबसे उरकावे, हा त्यांचा स्वभाव नव्हता. रिकाम्या वेळात ते उर्दू शायरी लिहीत. ‘आठवाँ सुर’ या नावाने त्यांचा काव्यसंग्रह प्रसिद्ध झाला. 1981 चे दादासाहेब फाळके पारितोषिक आणि 1992 साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. 2005 साली प्रदर्शित झालेला ‘ताजमहल’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. तेव्हा त्यांचे वय 85 होते. 5 मे 2006 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

बोध

विद्यार्थी मित्रांनो, नौशाद घर सोडून पळाले आणि मोठे झाले, एवढाच अर्थ या चरित्रातून काढू नका. पळून जाणारे पुष्कळ असतात. घर सोडण्यापूर्वी ते दुकान झाडत होते, उस्तादांपुढे बसत होते; घर सोडल्यावर 40 आणि 60 रुपयांवर दुसऱ्याच्या हाताखाली राबत होते. तुम्हाला एखादी विद्या आवडते असे म्हणताना, तिच्यासाठी पेटी पुसण्याची तुमची तयारी आहे काय, हे स्वतःला विचारा.

आणि पालकहो, आपणांस उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. स्नेहसंमेलनानंतर मी त्या विद्यार्थ्याच्या वडिलांना घरी जाऊन भेटलो आणि वाहिद अलींच्या चिठ्ठीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “दहावी होऊ द्या, सर. पण रविवारी जाऊ दे त्याला.” दहावीचा निकाल काय लागेल आणि गाण्याचे पुढे काय होईल, हे अल्लाह जाणे. पण आता रविवारी पेटीवर बसण्यासाठी त्या मुलाला घरात खोटे बोलावे लागत नाही.

मुलाने शिंपी म्हणून वरातीत बसावे, की वडिलांची चिठ्ठी घेऊन पुढे जावे, हे पुष्कळसे आपल्याच हाती असते.