डाव्या हाताची पानं

गेल्या वर्षी जुलैमध्ये बायकोला पक्षाघाताचा झटका आला. वय ३४, उजवी बाजू गेली. आमच्या राणीसावरगावात याला सरळ 'लकवा मारला' म्हणतात. गावाहून आईचा फोन, "रेणुकामायला नवस बोललेय. सूनबाई चालत येऊन ओटी भरील." इकडे मी आयसीयूबाहेर लॅपटॉप उघडून बरे होणाऱ्यांच्या टक्केवाऱ्या शोधत बसलेलो. दोघंही तेच करत होतो म्हणा!

त्या रात्री जागताना जोतीराव फुल्यांचं चरित्र पुन्हा वाचलं. मुलींची शाळा, सत्यशोधक समाज वगैरे आपल्याला पाठ असतं. शेवटची अडीच वर्षं मात्र आपण दोन ओळींत उरकतो.

११ मे १८८८ ला मुंबईत, मांडवीच्या कोळीवाड्यात लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. दोनच महिन्यांनी पक्षाघात. त्यांचीही उजवीच बाजू. ते ६१ वर्षांचे, सावित्रीबाई ५७ च्या, लग्नाला ४८ वर्षं झालेली. दत्तक मुलगा यशवंत अजून पोरसवदा. उपचार करणारे डॉ. विश्राम रामजी घोले घरोब्यातले, पण तेव्हा डॉक्टरच्या हातात होतं काय? दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं यंत्र आलं १८९६ ला, सीटी स्कॅन १९७१ ला. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन अमेरिकेत मंजूर झालं तेच १९९६ ला. ते पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं. आम्ही "झोपेत हात अवघडला असेल" म्हणत सकाळ घालवली... असो.

जोतीराव डाव्या हाताने लिहायला लागले. चिठ्ठीचपाटी नव्हे, अख्खं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक'! मी डाव्या हाताने नुसतं नाव लिहून पाहिलं, बालवाडीतलं वाटलं. घरात पैशाची ओढाताण इतकी, की जुलै १८९० मध्ये मामा परमानंदांना सयाजीराव गायकवाडांकडे मदतीसाठी पत्र लिहावं लागलं. अशा घरात सावित्रीबाई त्यांची शुश्रूषा करत होत्या. मला वाटतं, 'हे बरे होतील' एवढ्या एकाच आशेवर अडीच वर्षं निघत नाहीत. आज एक पान झालं, उद्या अजून एक होईल, ही आशा जास्त टिकाऊ.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनी धरलं. पुस्तक निघालं १८९१ मध्ये. त्यात निर्मिकाला फुलं-नैवेद्य नकोत असं स्पष्ट म्हटलंय. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

फिजिओथेरपिस्ट रोज येतो. टक्केवाऱ्या बघणं मी बंद केलंय. परवा बायकोने डाव्या हाताने वाण्याची यादी लिहिली. मी 'साबुदाणा'चं 'साबण' वाचलं आणि चार वड्या घेऊन आलो. त्यावरून जोरदार भांडण झालं, वर्षभरातलं पहिलंच.