लंडन–सिडनी मॅरेथॉन
लंडन–सिडनी मॅरेथॉन : १९६८ साली झालेली आंतरराष्ट्रीय मोटार-शर्यत. लंडन ते मुंबई खुष्कीने, मुंबई ते फ्रीमँटल जहाजाने आणि तेथून सिडनीपर्यंत पुन्हा रस्त्याने असा तिचा मार्ग होता. रस्त्याचे अंतर सुमारे १६,७०० किमी. होते.

१९६७ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाल्यावर ब्रिटनमध्ये पसरलेली मरगळ झटकावी आणि ब्रिटिश मोटारींचा परदेशांत बोलबाला व्हावा, हा या शर्यतीमागचा हेतू. लंडनचे डेली एक्स्प्रेस आणि सिडनीचे डेली टेलिग्राफ ही वृत्तपत्रे पुरस्कर्ती होती. पहिले बक्षीस १०,००० पौंडांचे होते. मार्गावरील तपासणी-ठाण्यावर पोहोचण्यास जितकी मिनिटे उशीर, तितके दंडगुण; ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो विजेता, असा नियम होता.

२४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून ९८ मोटारी सुटल्या. पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली असा आठवडाभराचा प्रवास करून ७२ मोटारी मुंबईत पोहोचल्या. तुर्कस्तानातील डोंगरी रस्ते आणि काबूल–सरोबी हा टप्पा विशेष खडतर ठरला. मुंबईत फोर्ड लोटस कॉर्टिनाचे रॉजर क्लार्क आघाडीवर होते. येथे मोटारी ‘चुसान’ या जहाजावर चढवल्या गेल्या. ५ डिसेंबरला निघालेले जहाज १३ डिसेंबरला फ्रीमँटलला लागले.

मुंबईतील क्रम मात्र टिकला नाही. ऑस्ट्रेलियात यांत्रिक बिघाडांमुळे क्लार्क मागे पडले. नंतर आघाडी घेतलेल्या ल्यूसियँ बियांकी व झाँ-क्लोद ओजिए यांच्या सित्रोएनला सिडनी जवळ आले असताना समोरून येणाऱ्या मोटारीची धडक बसली. दुसरे स्पर्धक पॅडी हॉपकर्क यांनी शर्यत बाजूला ठेवून त्यांच्या मदतीला धाव घेतली. अखेर अँड्र्यू कोवन, कॉलिन माल्किन व ब्रायन कॉयल यांची हिलमन हंटर ५० दंडगुणांनी पहिली आली. हॉपकर्क यांची ऑस्टिन १८०० ही ५६ दंडगुणांनी दुसरी ठरली. ५६ मोटारींनी शर्यत पूर्ण केली.

ही शर्यत १९७७ मध्ये पुन्हा झाली; तेव्हा मोटारी मद्रासहून जहाजाने पेनांगला गेल्या. या वेळीही कोवनच मर्सिडीझ घेऊन विजयी झाले. १९७९ मधील इराणची क्रांती व अफगाणिस्तानातील सोव्हिएट आक्रमण यांनंतर या देशांतून भारतात येणारा खुष्कीचा मार्ग शर्यतींना बंद झाला. म्हणून १९९३ मध्ये ही शर्यत पुन्हा झाली तेव्हा मोटारी विमानाने भारतात आणाव्या लागल्या. लंडनहून मुंबईपर्यंत सलग रस्त्याने शर्यतीच्या मोटारी येऊ शकत होत्या, त्या थोड्या वर्षांची १९६८ ची शर्यत साक्ष आहे.