राजाबाई मनोरा आणि आम्ही

माकुणसार हे पालघर तालुक्यातील एक लहानसे गाव. त्याचा आणि मुंबई विद्यापीठाच्या भव्य प्रासादांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. वारकरी संप्रदायाचे थोर अभ्यासक सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) हे या गावचे. त्यांचे कार्यक्षेत्र पुणे; परंतु त्यांच्या विद्यार्थिदशेत पुण्याच्या महाविद्यालयांच्या पदव्याही मुंबई विद्यापीठाच्याच असत. आज पालघरच्या महाविद्यालयास त्यांचे नाव असून तेही याच विद्यापीठाशी संलग्न आहे. तेव्हा त्या इमारतींवर आमचाही थोडा हक्क पोहोचतो.

विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पण त्यास स्वतःचे घर नव्हते. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ साली ग्रंथालयासाठी दोन लक्ष रुपये दिले, आणि पुढे आपल्या मातोश्री राजाबाई यांच्या नावे मनोरा उभारण्यास आणखी दोन लक्ष. सर कावसजी जहांगीर यांनी पदवीदान सभागृहासाठी एक लक्ष दिले. लवकरच अमेरिकेतील यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले आणि १८६५ साली शेअर बाजारासह प्रेमचंदांची दौलतही बुडाली. त्यांचे विद्यादान मात्र बुडाले नाही. तेच दगडाच्या रूपाने उभे राहिले.

आराखडे लंडनच्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. ग्लासगो विद्यापीठाची इमारतही त्यांचीच. या गृहस्थांनी मुंबई कधी डोळ्यांनी पाहिली नाही! सभागृह १८७४ साली पुरे झाले; ग्रंथालय आणि २८० फूट उंचीचा मनोरा १८७८ साली. शैली युरोपातील गॉथिक. परंतु दगड कुर्ल्याचा. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातिजमातींच्या एकूण २४ मूर्ती आहेत. त्यांचे नमुने घडविले ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्याने. परक्या आराखड्यास या भूमीचा चेहरा मिळाला तो या हातांनी. स्कॉटचे नाव सर्वतोमुखी आहे. मुकुंद रामचंद्रांचे किती जणांस ठाऊक असेल?

येथेच आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. ज्यांच्या मूर्ती मनोऱ्याच्या बाहेर कोरल्या, त्यांतील कितीकांच्या मुलांस त्या काळी आत पाऊल टाकणे शक्य होते? स्त्रियांस पदवीचे द्वार खुले झाले तेदेखील १८८३ साली. बाहेरची मूर्ती आणि आतला विद्यार्थी यांमधील अंतर काही हातांचेच. पण ते ओलांडण्यास पिढ्या लागल्या. पालघर-बोईसरकडील शेतकऱ्या-मच्छीमारांच्या घरांत आज या विद्यापीठाची पदवी आहे, हा त्या इमारतीच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल होय.

अलीकडे या इमारतींचा गौरवही झाला. त्यांचा जीर्णोद्धार झाला. त्याबद्दल युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा-संवर्धन पुरस्कार सभागृहास २००७ साली, तर ग्रंथालय व मनोऱ्यास २०१८ साली लाभला. त्याच २०१८ साली परिसरातील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा ठरला. ध्यानात घ्यावे की, हा पुरस्कार नव्याने बांधणाऱ्याचा नसून जपणाऱ्याचा आहे. बांधण्यास धनिकाचे औदार्य पुरते. जपण्यास पिढ्यान्‌पिढ्यांची आस्था लागते.

ती आस्था येणार कोठून? १९७१पासून विद्यापीठाचा बहुतेक व्याप कालिन्यास गेला आहे, आणि आमच्याकडील कित्येक मुले ही वास्तू न पाहताच पदवीधर होतात. म्हणून सुज्ञ पालकांस आमची विनंती एवढीच की, एखाद्या सुटीच्या दिवशी मुलांस घेऊन चर्चगेटला उतरावे आणि मैदानापलीकडे उभा असलेला मनोरा त्यांस दाखवावा. घड्याळाकडे पाहून झाले की नजर थोडी खाली आणावी, आणि त्या मूर्तींत आपल्यासारखे कोणी दिसते काय, हे मुलांनाच शोधू द्यावे.