घोड्याच्या रक्तातलं औषध

आवणीचे दिवस आले की कोळगावात आम्हा बायांना सापाची धास्ती असते. साप चावला की आधी भगत, हीच जुनी रीत. आज आपण सापाच्या विषावरच्या औषधाची गोष्ट ऐकू.

फ्रान्सचे डॉक्टर काल्मेत यांनी १८९५ च्या सुमारास हे औषध प्रथम माणसांसाठी वापरलं. आपल्याकडे परळला १८९९ साली प्लेगच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. १९२५ पासून तिचं नाव हाफकिन संस्था. पुढे तिथेही हे औषध बनू लागलं.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार सापांचं विष घोड्याला अगदी थोडं टोचतात, मात्रा हळूहळू वाढवतात. घोड्याच्या रक्तात विषाला निकामी करणारी ताकद तयार होते. मग थोडं रक्त काढून त्यातून औषध करतात. त्याचा गुण उंदरांवर तपासतात. त्यात उंदीर मरतातही.

हे कळलं तेव्हा गटातल्या आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं. प्रयोगातल्या जनावरांना विनाकारण वेदना होऊ नयेत, असं १९६० चा कायदा सांगतो. तो पाळला जावा, हे आपणही म्हणायला हवं.

पण औषध वेळेत मिळालं नाही, तर त्या मुक्या जिवांचे हाल फुकट जातात. म्हणून बायांनो, साप चावला तर जखम कापू नका, घट्ट आवळून बांधू नका. माणसाला चालवू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा.