घाटमाथ्यावरच्या जेवणाचे मोल

फाटकाच्या आत शिरलेल्या पर्यटकाला दुसरे दुकान नसते, म्हणून आतला वडापाव बाहेरच्यापेक्षा महाग असतो. मनोरंजन उद्यानांनी हा वाद गाजवला खरा, पण अडलेल्या वाटसरूकडून किती घ्यावे हा प्रश्न जुन्नरला सुमारे दोन हजार वर्षे जुना आहे. कोकणच्या बंदरांतला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या पेठेत येई. निम्मा घाट चढलेल्या तांड्याला माघारी वळणे सोपे नव्हते आणि माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचाच, असे परंपरा सांगते. म्हणजे अडवणुकीला इथे पुरेपूर वाव होता. तरीही त्याच वाटेवर कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत आणि त्यांतले एक सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान असल्याचे ब्राह्मी लेख सांगतो. वाटेचे पैसे घेतले जात. पाण्याचा खर्च मात्र कुणीतरी आधीच उचललेला असे.

जुन्नरच्या लेण्यांतले लेखही हेच दाखवतात. इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीकाने, दोन टाकी दिली. क्षत्रप राजा नहपानाचा अमात्य अयम याने, लेखात नोंदलेल्या 46व्या वर्षी, टाके आणि मंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके खोदवले, तर चित या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. यावर आक्षेप असा येईल, की हे दान भिक्षूंसाठी आणि पुण्यासाठी होते. त्यावरून आजच्या हॉटेलवाल्याला धडा कसा द्यायचा? आक्षेप रास्त आहे. वाटसरूंना जेवण फुकट मिळे, असे हे लेख म्हणतच नाहीत. धान्याचे व्यापारी धान्य विकूनच श्रीमंत झाले असणार. पण डोंगरावर माणसाला खाऊ-पिऊ घालण्याला खर्च येतो आणि तो कोणी सोसायचा हे ठरवावे लागते, एवढे त्यांतून नक्की कळते. पाण्याचा भार दात्यांनी घेतला, व्यापार व्यापाराच्या जागी राहिला.

2018 मध्ये जुन्नर विशेष पर्यटन तालुका जाहीर झाला. आज कृषी पर्यटन केंद्रे, पावसाळ्यातला माळशेज, आंबेगावातून श्रावणात भीमाशंकरला जाणारी गर्दी, सगळीकडे तोच हिशेब पुन्हा मांडला जातो. विक्रेत्याचे म्हणणे खोटे नाही. हंगाम थोडा, आठवड्यातले पाच दिवस शुकशुकाट, सिलिंडरपासून किराण्यापर्यंत सगळे वर चढवायचे. त्यात मासवडीसारखा इथला पदार्थ असेल तर बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचे, तीळ, खोबरे, लसणाचे सारण भरून गुंडाळायचे, वड्या कापायच्या आणि रस्सा वेगळा करायचा. ही मेहनत यंत्राची नाही, हातांची आहे. अशी थाळी महाग असली तरी तक्रारीला जागा नाही. पाण्याची बाटली आणि वेफर्सचे पाकीट यांना मात्र तिथल्या कुणाचे हात लागलेले नसतात; त्यांवर वाढवलेला पैसा निव्वळ अडचणीचा असतो.

‘परवडत नसेल तर येऊ नका’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. जागा ज्याची, अटी त्याच्या, हे न्यायालयानेही मान्य केले आहे. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांना बाहेरचे खाद्यपदार्थ रोखण्याची मुभा दिली, पण पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत द्यावे लागेल, हेही सांगितले. नाणेघाटातली वाटणी इथे कायद्याच्या भाषेत पुन्हा दिसते. माझे म्हणणे त्याहून एक पाऊल पुढे जाते. पाण्याबरोबर शिदोरीलाही मोकळीक हवी, कारण नाही म्हणण्याची सोय असल्याशिवाय गिऱ्हाइकाने मोजलेल्या पैशांवरून पदार्थाची लायकी ठरत नाही. यात धंदा बुडेल ही भीती फक्त त्याला, ज्याच्या जेवणात अडवणुकीपलीकडे काही नाही. घरची भाकरी सोबत असतानाही लोक मासवडी मागवत असतील, तर ती आपल्या किमतीची आहे.