कृष्णाकाठची चूल आणि वीज

आष्टा १९६० पर्यंत दक्षिण सातारा जिल्ह्यात मोडे. त्या वर्षी जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. कृष्णेस मिळणाऱ्या कोयनेचे पाणी पश्चिमेस वळवून पोफळीच्या भूमिगत विद्युत्गृहात १९६२ साली वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. यथाकाल कृष्णाकाठी कंदील मागे पडला; चूल मात्र राहिली. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनेही तिच्या जागी गॅस आणला, वीज नव्हे. हे केवळ दरामुळे घडले, असे मानणे अपुरे होय. ‘वंशाचा दिवा’ हा दिव्याचा मान खरा. परंतु घराची गणना चुलीवर होते. ‘चूल वेगळी होणे’ म्हणजे कुटुंब विभागणे. ‘चूलबंद आमंत्रण’ म्हणजे सगळ्या घरास निमंत्रण. शिवाय तव्यावरची भाकरी अखेर निखाऱ्यावर वा जाळावर फुगवावी लागते, आणि इंडक्शनच्या शेगडीस जाळच नसतो.