टीसीयू ट्यूनिंग म्हणजे काय? गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर बदलण्याआधी हे वाचा

ऑटोमॅटिक गाडी चालवणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, "पाय दिला की गाडी आधी विचार करते, मग पळते." दुसरी, "घाटात सारखी तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये घोळ घालते." त्यावर हल्ली कोणीतरी लगेच सल्ला देतं: टीसीयू ट्यून करून घे!

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे "एका फाईलमधले आकडे बदलले की गाडी बदलते" हे ऐकल्यावर मला पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे, नेमके कोणते आकडे? कारण या फाईलमधले काही आकडे ही कंपनीने निवडलेली आवड असते, तर काही आकडे आतल्या लोखंडाची मर्यादा सांगत असतात. दोन्ही एकाच स्क्रीनवर दिसतात, पण दोन्ही बदलण्याचे परिणाम फार वेगळे आहेत.

उदाहरणासाठी आपण फोक्सवॅगन-स्कोडाचा डीएसजी गिअरबॉक्स घेऊ. आपल्याकडे या विषयावर बोलणं निघालं की बहुतेक वेळा याच गाड्या समोर येतात.

टीसीयू करतो काय?

टीसीयू म्हणजे ट्रान्समिशन कंट्रोल युनिट, गिअरबॉक्सचा स्वतःचा छोटा कॉम्प्युटर. पेडल किती दाबलंय, गाडीचा वेग किती, इंजिनचे आरपीएम किती, तेलाचं तापमान किती, ब्रेकवर पाय आहे का, ही माहिती तो सतत घेत असतो. त्यावरून तो दोन निर्णय घेतो: कोणता गिअर हवा, आणि क्लच किती दाबून धरायचा.

पहिला निर्णय एका तक्त्यावरून होतो, त्याला शिफ्ट मॅप म्हणतात. एका बाजूला पेडलची टक्केवारी, दुसऱ्या बाजूला गिअर, आणि प्रत्येक घरात एक वेग. त्या वेगाला गिअर वर टाकायचा. गिअर खाली घेण्यासाठी असाच दुसरा तक्ता असतो. या दोन्हींमध्ये मुद्दाम अंतर ठेवलेलं असतं. समजा वर जाण्याचा वेग ५५ आणि खाली येण्याचा ४८ असेल, तर मधल्या पट्ट्यात गिअर स्थिर राहतो. हे अंतर कमी पडलं, की घाटात गिअर वर-खाली नाचायला लागतो.

डी मोडमध्ये गाडी लवकर वरच्या गिअरमध्ये का जाते? कारण कमी आरपीएमला इंधन कमी लागतं आणि मायलेजच्या चाचणीत त्याचा फायदा होतो. म्हणजे "गाडी विचार करते" असं वाटतं तेव्हा ती बहुतेक वेळा फार वरच्या गिअरमध्ये असते आणि तिला दोन-तीन गिअर खाली यावं लागतं.

कोणत्या सेटिंग बदलता येतात?

- शिफ्ट पॉइंट: गिअर कधी वर आणि कधी खाली घ्यायचा. रोजच्या वापरात सर्वात जास्त फरक इथे जाणवतो आणि धोका सर्वात कमी असतो. किंमत मोजावी लागते ती मायलेजमध्ये.
- मॅन्युअल मोडचं वागणं: आरपीएम मर्यादेला पोचल्यावर गाडीने आपणहून गिअर बदलायचा की नाही, पेडल तळाला दाबल्यावर गिअर खाली घ्यायचा की नाही. ही बऱ्यापैकी आवडीची बाब आहे.
- शिफ्टचा वेळ: एक क्लच सोडून दुसरा पकडायला किती मिलिसेकंद द्यायचे. वेळ कमी केला की शिफ्ट चुरचुरीत लागतो, पण झटकाही वाढतो. तो झटका क्लच, शाफ्ट आणि माउंटिंगला बसतो.
- लाँच कंट्रोल: जागेवरून सुटताना इंजिन किती आरपीएमला धरायचं. प्रत्येक लाँचमध्ये क्लच घसरत घसरत पकडतो आणि तापतो.
- क्लच प्रेशर: क्लचच्या चकत्या किती जोराने दाबायच्या. जास्त टॉर्क धरायचा तर जास्त दाब लागतो.
- टॉर्क मर्यादा: गिअरबॉक्स इंजिनला सांगतो की "यापेक्षा जास्त टॉर्क मला पाठवू नकोस." हा तो आकडा.

पहिल्या दोन गोष्टी आवडीच्या. मधल्या दोन काठावरच्या. शेवटच्या दोन मात्र थेट हार्डवेअरशी बांधलेल्या आहेत.

एकच इंजिन, दोन टॉर्क

टॉर्क मर्यादा किती खरी असते याचं सर्वात चांगलं उदाहरण म्हणजे स्कोडा सुपर्बचं २०१६ मध्ये भारतात आलेलं १.८ टीएसआय मॉडेल. इंजिन तेच, ताकद दोन्हीकडे १८० पीएस. पण मॅन्युअल गाडीत टॉर्क ३२० न्यूटन मीटर, आणि ऑटोमॅटिकमध्ये २५०. इंजिन जास्त द्यायला तयार होतं, गिअरबॉक्स घ्यायला तयार नव्हता. ऑटोमॅटिकमध्ये होता डीक्यू२००, म्हणजे सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी. त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे.

आता हाच डीक्यू२०० पोलो जीटी टीएसआयमध्ये बघा. १.२ लिटर इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर. इथे मर्यादेपर्यंत ७५ न्यूटन मीटरची जागा शिल्लक आहे. म्हणजे "डीएसजीवर ट्यून चालतं का?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पोलोमध्ये माफक इंजिन रिमॅप केला तरी गिअरबॉक्स आपल्या हद्दीत राहू शकतो. सुपर्ब १.८ मध्ये पहिल्या न्यूटन मीटरपासूनच आपण हद्दीबाहेर.

मग सॉफ्टवेअरमध्ये २५० च्या जागी ३०० लिहिलं तर? फाईल ते आनंदाने स्वीकारेल. पण क्लच किती टॉर्क धरतो हे चकत्यांचं घर्षण, त्यांचा आकार, त्यांची संख्या आणि दाब यावर ठरतं. सॉफ्टवेअरच्या हातात फक्त दाब आहे, आणि तोही पंप देऊ शकेल तेवढाच. त्यापुढे क्लच घसरतो, घसरला की तापतो. कोरड्या क्लचला थंड करायला फक्त हवा असते. आपल्या ट्रॅफिकमध्ये इंच इंच सरकताना तो आधीच तापलेला असतो, हे विसरू नका.

सहा गिअरचा डीक्यू२५० वेगळा आहे. त्याचे क्लच तेलात बुडालेले असतात, तेल उष्णता वाहून नेतं. त्याची मर्यादा ३५० न्यूटन मीटर, आणि २३० पीएसची ऑक्टाव्हिया आरएस मूळ स्वरूपातच तिथे पोचलेली होती. ट्यूनर इथे दाब वाढवून जास्त टॉर्क धरतात आणि ते बऱ्याचदा जमतंही, पण ती सूट क्लचच्या आयुष्यातून वळती होते.

शेवटपर्यंत ओढलं की वेग वाढतो?

हा एक मोठा गैरसमज. ट्यूनमध्ये गिअर लाल रेषेपर्यंत धरून ठेवला की गाडीचा आवाज छान येतो, पण इंजिनची ताकद एका ठराविक आरपीएमनंतर उतरायला लागते. छोट्या टर्बो इंजिनमध्ये ती बरीच लवकर उतरते. गिअर बदलायची योग्य वेळ म्हणजे पुढच्या गिअरमध्ये चाकाला मिळणारा जोर आत्ताच्या गिअरइतका होतो तो क्षण. त्यानंतर धरून ठेवलं तर आपण हळू होतो. चांगला ट्यूनर तुमच्या गाडीच्या पॉवर ग्राफवरून हा आकडा काढतो.

पैसे देण्याआधी हे करा

१. स्पोर्ट मोड आठवडाभर वापरा. एस मोड म्हणजे कंपनीनेच दिलेला दुसरा शिफ्ट मॅप. तक्रार तिथेच मिटली तर खर्चाची गरज नाही.

२. तेल तपासा. डीक्यू२५० चं तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं. जुन्या तेलामुळे आलेला झटका ट्यूनने जात नाही.

३. बेसिक सेटिंग करून घ्या. क्लच झिजतो तसा टीसीयू त्याच्या पकडण्याची जागा नव्याने शिकत असतो. व्हीसीडीएससारख्या टूलने हे शिक्षण पुन्हा पहिल्यापासून करता येतं. अनेकदा गाडी एवढ्यानेच सुधारते.

४. लॉग काढा. फुल पेडलवर इंजिनचे आरपीएम आणि क्लच शाफ्टचे आरपीएम शेजारी ठेवा. गिअर पूर्ण लागल्यावर दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. इंजिन पुढे पळत असेल तर क्लच आत्ताच घसरतोय. अशा गाडीला ट्यून नको, दुरुस्ती हवी.

ट्यूनरला विचारायचे प्रश्न

- माझ्या मूळ फाईलचा बॅकअप मला मिळेल का?
- तुम्ही नेमके कोणते तक्ते बदलणार? टॉर्क मर्यादेला हात लावणार का?
- फ्लॅश करताना बॅटरीला चार्जर जोडता का? मध्येच व्होल्टेज पडलं तर टीसीयू बंद पडू शकतो.
- नंतर बेसिक सेटिंग आणि लॉगसह टेस्ट ड्राइव्ह करता का?

"सगळं सिक्रेट आहे" असं उत्तर आलं तर मी तरी माझी गाडी तिथे देणार नाही. ज्या बदलाची नोंद नाही आणि जो मागे घेता येत नाही, असा बदल आम्ही ऑफिसातल्या सर्व्हरवरही करत नाही.

वॉरंटी, विमा आणि कायदा

फोक्सवॅगन समूहाच्या सिस्टिममध्ये बदललेलं सॉफ्टवेअर आढळलं की गाडीवर टीडी१ नावाची खूण लागते, आणि मग इंजिन-गिअरबॉक्सचा वॉरंटी दावा नाकारला जाऊ शकतो. मूळ फाईल परत टाकली तरी किती वेळा फ्लॅश झालं याची मोजणी युनिटमध्ये राहू शकते. गाडीतले बदल विमा कंपनीला कळवावे लागतात. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात केलेल्या बदलांबद्दल आहे. सोबत इंजिनची ताकदही वाढवणार असाल तर ते एकदा जरूर वाचा.

थोडक्यात

टीसीयू ट्यूनिंग इंजिनमध्ये ताकद भरत नाही. आहे ती ताकद चाकाकडे कधी आणि कशी पाठवायची एवढंच ते ठरवतं. वॉरंटी संपली असेल, गिअरबॉक्स तंदुरुस्त असेल आणि फक्त शिफ्ट पॉइंट बदलायचे असतील, तर पैसे वसूल होतात. टॉर्क मर्यादा वाढवायची असेल, तर आधी आपल्या गिअरबॉक्सचा मॉडेल नंबर, त्याची मर्यादा आणि इंजिनचा सध्याचा टॉर्क हे तीन आकडे कागदावर लिहा. वजाबाकी केल्यावर काही उरत नसेल, तर तो पैसा नवीन क्लचसाठी बाजूला ठेवा, कारण तो लागणारच आहे.